कोपऱ्यातल्या पत्र्याची चकाकी

ओब्दुलिया कारासाना कुणाकडे जेवायला गेली, तर घंटी वाजवायच्या आधी ती दाराच्या रंगावरून एक बोट फिरवते आणि बोटाकडे बघते. बोटाला पांढरी भुकटी लागली की तिच्या कपाळाला आठी पडते. तेवढ्यात यजमानीण दार उघडते आणि तिला वाटतं, बाई घरूनच रागावून आलीय. भाचीच्या लग्नात ओब्दुलियानं नवरीपेक्षा वऱ्हाडाच्या गाड्यांची टपं जास्त निरखून बघितली. एका अंत्यविधीला सगळे डोळे पुसत होते तेव्हा ही शवपेटीच्या वार्निशाकडे टक लावून उभी होती, आणि घरी येताना नवऱ्याला म्हणाली, "दोन उन्हाळेसुद्धा काढले नसते त्यानं."

"त्याला कशाला काढायचेत उन्हाळे?" एवेलियो म्हणाला. "जमिनीखाली चाललं होतं ते."

पण सवय ती सवय, आणि ओब्दुलियाची सवय तिच्या पोटापाण्याची होती. फ्लोरिडात, होमस्टेड गावाच्या पलीकडे, अवोकाडोच्या बागा संपून कालवा लागतो तिथे, कुंपण घातलेला एक मोठा तुकडा आहे. तिथे काहीही पिकत नाही. नुसत्या लोखंडी रॅकच्या रांगाच्या रांगा, सगळ्यांची तोंडं दक्षिणेला, आणि रॅकवर बांधलेले हातभर लांबीचे रंगवलेले पत्रे. मोटारींचे रंग, छपरांचे रंग, जहाजांचे, पुलांचे, बागेतल्या खुर्च्यांचे. जगभरचे रंगवाले आपापला माल इथे नासायला पाठवतात, आणि तो किती नासला हे सांगायचे पैसे देतात. लोकांना हे सांगितलं की हसतात. हसू देत. त्यांच्या गाडीचं टप पाच वर्षांनी सोललं नाही, तर ते या माळावर आधी कुणाचं तरी सोललं होतं म्हणून.

क्युबातल्या मारियेल बंदरातून माणसांनी भरलेल्या होड्या आल्या त्या वर्षी ओब्दुलिया आईबरोबर इथे आली. आधी टोमॅटो निवडले, मग रोपवाटिकेत कुंड्या उचलल्या, आणि मग कुणीतरी सांगितलं की कालव्याजवळच्या माळावर बायका घेतात, काम उन्हातलं आहे पण ओझं नाही. तिथल्या जुन्या तपासनीस बाईनं पहिल्या दिवशी तिच्या बोटाला काळं मखमली फडकं गुंडाळलं आणि एका पत्र्यावर टेकवून म्हणाली, "घास. आता बघ. काय दिसतं?"

"पांढरं."

"मग पांढरं लिही. दिसलं ते लिहायचं. दिसावंसं वाटलं ते नाही."

ओब्दुलियाची सगळी शाळा एवढीच. बाकीचं तिला पत्र्यांनी शिकवलं. रंग म्हणजे पॉलिमरचा पातळ पापुद्रा, आणि त्यात घट्ट धरून ठेवलेले रंगाचे कण. ऊन त्या पॉलिमरच्या साखळ्या एकेक करून तोडतं. रात्री दव पडतं आणि तुटलेल्या जागी मुरतं. पाऊस धुऊन निघून जातो, त्याचं एवढं काही नाही. खरं वाटोळं करतं ते दव, कारण ते रात्रभर बसून राहतं. आधी चकाकी जाते. मग वरचा थर विरतो, कणांना धरून ठेवणारं कुणी उरत नाही, आणि ते खडूच्या भुकटीसारखे बोटाला लागतात. त्यानंतर भेगा, फोड, पापुद्रे. ही सगळी म्हातारपणं ओब्दुलियाला तोंडपाठ झाली होती, आणि कुठल्या पत्र्याला कुठलं केव्हा येणार हे ती लांबून चालत येतानाच ओळखायची.

त्या माळाचा नियम एकच होता, सावली नको. कुंपणाच्या आत एक झुडूपसुद्धा उभं राहू देत नसत. आणि तरी आग्नेय कोपऱ्यात, कुंपणाला लागून, एक आंब्याचं झाड होतं.

ते एवेलियोचं. तोही तिथेच कामाला होता, गवत कापायचा, रॅक दुरुस्त करायचा, आणि तिथेच दोघांचं जमलं. एका जूनमध्ये त्यानं जेवणाच्या सुट्टीत बिस्कोचुएलो जातीचा आंबा खाल्ला. क्युबातल्या त्याच्या गावाकडचा तो आंबा, इथे कुणाच्या तरी अंगणातून आलेला. कोय फेकायला त्याचा हात होईना. आमच्याकडे जमीन म्हणजे प्रवाळाचा खडक, खड्डा करायचा तर पहारीनं फोडावा लागतो. त्यानं तो फोडला. तेव्हाचा साहेब ओरडत आला तर एवेलियोनं भर दुपारी एक उंच बांबू तिथे उभा केला आणि सावली दाखवली. ती बांबूच्या बुडाशी वीतभरसुद्धा नव्हती. "बघा साहेब, पायाशीच पडते. पत्र्यांना शिवत नाही." साहेबानं पाहिलं, मान हलवली आणि तो सावलीच्या शोधात ऑफिसात परत गेला.

मग झाड वाढलं. त्याच्याखाली कुणीतरी एक टेबल आणून ठेवलं. उन्हाळ्यात अख्खी टोळी तिथे जेवायची, डॉमिनो खेळायची, आणि जूनअखेर आंबे पडायला लागले की साहेबलोकसुद्धा हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन सहज फिरत फिरत तिकडे यायचे. एवेलियो गुडघ्यांपायी निवृत्त झाला, पण दर जूनमध्ये तो काठी टेकत यायचा आणि टेबलापाशी राजासारखा बसायचा. आयुष्यभर त्या माळावर त्यानं जे केलं त्यातलं हे एकच उभं होतं.

आता गोष्ट त्या डिसेंबरची.

ओहायोच्या एका कंपनीनं पत्र्याच्या छपरांसाठी नवा रंग काढला होता. त्याचे नमुने उशिरा आले, जागा फक्त आग्नेय कोपऱ्यातल्या शेवटच्या रॅकवर होती, म्हणून तिथे चढले. आणि रंग काय टिकला म्हणता. जुने रंग माळाच्या मध्यावर पिठूळ होऊन गेले आणि हा कोपऱ्यात आरशासारखा. कंपनीची माणसं खुशीत होती. शेवटचा शेरा तेवढा बाकी होता, ओब्दुलियाचा. वसंतात ती निवृत्त होणार होती, त्यामुळे तिच्या हातचं हे शेवटचं मोठं काम होतं.

प्रत्येक रॅकवर एक साक्षीदार पत्रा असतो. जुना, स्वस्त निळा रंग, त्याची चाल सगळ्यांना माहीत असलेली. तो जसा नासायला हवा तसा नासला तर रॅकवरचं सगळं खरं धरायचं. ओब्दुलियानं बोटाला फडकं गुंडाळलं, निळ्यावर घासलं आणि बघितलं. फडकं काळंच.

तिनं परत घासलं. जेमतेम एक धूसर रेघ.

"विल्नेर," तिनं हाक मारली, "इकडे ये जरा."

विल्नेर देझरोझिए हैतीचा. पलीकडच्या रॅकवर नट आवळत होता. आला, बघितलं, म्हणाला, "बरं आहे की मावशी. या माळावर एक तरी पत्रा सुखात आहे."

"या निळ्याला सुख लाभत नाही. हा काय आहे हे मला माहीत आहे." ती वाकली. पत्र्याच्या खालच्या कडेला बारीक काळे ठिपके होते. बुरशी. चकाकी शाबूत, आणि बुरशी. म्हणजे ऊन कमी आणि ओल जास्त; साखळ्या तोडायला ऊनच नाही, म्हणून दवाचं काही चालत नाही. ओल इथे रेंगाळतेय. पण कशामुळे, हे दुपारच्या लख्ख उन्हात उभं राहून काही कळेना.

ती घरी गेली, पण जेवणात लक्ष नव्हतं. काम सुरू करायची तिची पद्धत ठरलेली होती. फाटक पश्चिमेला, म्हणून तपासणी पश्चिमेकडून सुरू व्हायची आणि पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेतो जेवण होऊन गेलेलं असायचं. नोकरीला लागल्यापासून असंच. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती फाटकातून शिरली आणि मधल्या एकाही रॅककडे न बघता तडक पूर्वेला चालत गेली.

सगळ्या माळावरचं दव वाळायला लागलं होतं. शेवटच्या रॅकवर मात्र ते जसंच्या तसं बसलं होतं, कारण त्या रॅकवर आंब्याची सावली पडली होती. हिवाळ्यातला सूर्य खालून, आग्नेयेकडून येत होता, आणि झाड आता इतकं उंच झालं होतं की त्याची सावली निळ्या साक्षीदारावर, ओहायोच्या पत्र्यांवर, पार पुढच्या रॅकच्या पायापर्यंत लांब पसरली होती. हिवाळ्यात तिथे कुणी बसत नाही. थंडीत कुणाला सावली हवीय? म्हणून कुणी बघितलंच नव्हतं.  सावली सरकून पत्रे कोरडे होईपर्यंत ओब्दुलिया तिथेच उभी राहिली. थर्मासातली कॉफी तिनं उघडलीही नाही.

माळावरच्या या चाचणी केंद्राची प्रमुख लोर्ना व्हिटकम. हुशार बाई, आणि माणसांशी सरळ. ओब्दुलियानं जे पाहिलं ते सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. "ते आकडे मलाही खटकत होते. मी चकाकी मोजायच्या यंत्राला दोष देत बसले. दोनदा दुरुस्तीला पाठवलं."

"यंत्र बरोबर आहे."

"हो. आता कळलं." ती उठून खिडकीशी गेली. खिडकीतून झाड दिसत होतं. "मी ओहायोला फोन करते, निकाल रद्द म्हणून सांगते. पत्रे पहिल्यापासून परत लावू. झाडाचं काय, फांद्या छाटून बघू या का?"

"वादळानंतर छाटल्या होत्या. दुपटीनं फुटल्या. पुढच्या हिवाळ्यात पुढचा रॅक जाईल, मग त्याच्या पुढचा. आणि रॅक हलवायला जागा नाही, मागे कालवा आहे."

"ओब्दुलिया, तुम्ही काय म्हणताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"झाड काढायला हवं असं म्हणतेय."

लोर्नानं खिडकीकडे पाठ केली. मग म्हणाली, "एवेलियोला कोण सांगणार?"

"मी. आणि तो स्वतः येऊन बघेपर्यंत कुणी करवत आणायची नाही. एवढं मला द्या."

बातमी टेबलापाशी पोहोचायला वेळ लागला नाही. विल्नेर म्हणाला, "मावशी, तुम्ही चाललात घरी पंख्याखाली. आम्ही भात उन्हात खायचा?" दुसरा एक म्हणाला, "कानाडोळा केला असतात तर कुणाचं काय गेलं असतं?" ओब्दुलिया डबा खात होती. तिनं घास गिळला आणि म्हणाली, "तुम्हाला मांडव घालून देऊ. पण इथे सावली हवी असेल तर सगळ्या पत्र्यांना द्या, नाहीतर एकालाही नको." त्यानंतर तिच्याशी कुणी डॉमिनो खेळेना. तिला ते लागलं. लागलं नाही असं दाखवायचा तिचा स्वभाव नव्हता, पण म्हणून शब्द फिरवायचाही नव्हता.

घरी एवेलियो काळ्या घेवड्याला फोडणी देत होता. तिनं पर्स ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"पत्र्यांसाठी झाड तोडायचं?" तो म्हणाला. "पत्रे नीट नासावेत म्हणून जितं झाड तोडायचं? म्हातारे, हे तू दुसऱ्या कुणाला सांगून बघ. हसतील."

"हसू देत."

"सावली पत्र्यावर पडत नाही. मी बांबू लावून दाखवली होती. साहेबानं बघितली होती."

"जूनमध्ये बघितली होतीत तुम्ही दोघांनी."

"मग? जूनमधला सूर्य काय वेगळा असतो?"

"हो. वेगळा असतो. सकाळी माझ्याबरोबर चल, दाखवते."

"मला काही बघायचं नाही." त्यानं डाव आपटला. "तुला पेन्शन मिळणार आहे की नाही? मग सही कर आणि ये घरी. त्या माळावर माझं म्हणून एवढं एकच उरलंय, आणि ते माझ्याच बायकोच्या डोळ्यांत खुपतंय."

"माझ्या सहीवर लोक घरांना छप्परं घालणार आहेत, म्हाताऱ्या. चार वर्षांत गंजली की कुणाकडे बघतील? मला दुसरं काही येत नाही. दिसतं ते लिहिते, एवढंच येतं. तेही शेवटच्या वेळेला सोडून देऊ?"

एवेलियो परत फोडणीकडे वळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कॉफी केली, एका माणसापुरती. आमच्या क्युबन घरांत यापेक्षा मोठी शिवी नाही. लग्न झाल्यापासून ओब्दुलियाला पहिल्यांदाच पेट्रोल पंपावरची पांचट कॉफी घ्यावी लागली. ती तिनं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि कामाला गेली. रोज संध्याकाळी ती एकच वाक्य म्हणायची, "उद्या सकाळी चल." रोज तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. रात्री त्याची पाठ तिच्याकडे असायची आणि तिला मनातून फार एकटं वाटायचं, पण तिनं ना आवाज चढवला ना विषय सोडला.

असा नाताळ होऊन गेला. डुकराचं मांस भाजलं, पाहुणे आले, दोघं पाहुण्यांमार्फत एकमेकांशी बोलले. एवेलियोच्या बहिणीनं त्याला विचारलं, "तू तरी का नाही जाऊन बघत?" तो म्हणाला, "माझे गुडघे दुखतात." ओब्दुलिया ताटं उचलताना म्हणाली, "जूनमध्ये दुखत नाहीत." तिच्या त्या बोलण्यावर सगळे हसले, एवेलियो सोडून.

जानेवारीतल्या एका सकाळी ती पूर्वेच्या कोपऱ्यात दव तपासत होती तेव्हा मागून काठीचा आवाज आला. तो कुणाच्या तरी गाडीतून आला होता. तिच्याकडे न बघता तो सरळ रॅकपाशी गेला. सावली ओहायोच्या पत्र्यांवर पडलेली होती. त्यानं पंजा निळ्या पत्र्यावर ठेवला आणि उचलला. पंजा ओला. मग तो काठी टेकत सावलीच्या बाहेर, उन्हातल्या रॅककडे गेला आणि तिथल्या पत्र्याला हात लावला. कोरडा. परत आला. मान वर करून त्यानं झाडाकडे बराच वेळ बघितलं.

"मी जूनमध्ये बघितलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"जूनमध्ये पायाशीच पडते."

"माहीत आहे, म्हाताऱ्या."

"आणि तू? तू तर रोज इथे असायचीस. तू का नाही बघितलंस?"

हा प्रश्न तिनं स्वतःलाही विचारला होता. "मी पश्चिमेकडून सुरुवात करते म्हणून. इथे येईतो दुपार होते. तू चुकलास तशी मीही चुकले."

एवेलियोनं खिशातून रुमाल काढला, हात पुसला, मग ओल्या पत्र्याची कडही पुसायला गेला. "हात नको लावूस," ती म्हणाली. "कोपऱ्याची ओल नोंदवायची आहे."

"बरं बाई," तो म्हणाला. त्या संध्याकाळी घरात दोघांपुरती कॉफी झाली.

झाड काढायला कंत्राटदार यायचा होता. एवेलियो म्हणाला, परक्या हातानं नको. खड्डा त्यानं केला होता, पहिला घावही त्याचाच. गुडघ्यांमुळे त्याला ओणवं होता येईना, तेव्हा विल्नेरनं त्याच्या मागे उभं राहून कमरेला धरलं आणि एवेलियोनं करवतीनं बुंध्यावर एक खाच पाडली. बाकीचं मग विल्नेरनं आणि टोळीनं केलं. ओब्दुलिया रडली, सगळ्यांसमोर, आणि रडत रडतच तिनं पडलेल्या फांद्यांखाली रॅकचे पाय वाकले नाहीत ना ते तपासलं. विल्नेर म्हणाला, "मावशी, फ्लोरिडा सिटीला माझ्या अंगणात याचीच कोय लावलीय. डोक्याइतकी उंच झालीय." मग एकेकानं सांगायला सुरुवात केली. जवळजवळ प्रत्येकाच्या अंगणात एक होती. लोर्नाच्याही, कुंडीत.

वसंतात ओब्दुलियाच्या निवृत्तीचा केक आला. तिनं खाल्ला आणि सांगितलं की पुढच्या हिवाळ्यातली कोपऱ्याची तपासणी झाल्याशिवाय ती जाणार नाही. लोर्नाला हे अपेक्षितच असावं, कारण कागद तयार होते. टेबल उत्तरेला, रॅकपासून लांब हलवलं आणि त्यावर ताडपत्रीचा मांडव आला. ताडपत्री कुठल्या पॉलिमरची आणि किती उन्हाळे काढेल हे ओब्दुलियानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आणि टोळीनं तिला परत डॉमिनोला घेतलं. आंबे मात्र विकत आणावे लागले, आणि ते कुणाला आवडले नाहीत.

डिसेंबर आला. ती उजाडताच पूर्वेच्या कोपऱ्यात गेली. आता तिची तपासणी तिथूनच सुरू व्हायची. कोपऱ्यात ऊन मोकळं पडलं होतं, दव वाळत चाललं होतं, बुंध्याच्या जागी चार नवे धुमारे आले होते ते तिनं पायानं मोडले. पत्रे कोरडे झाल्यावर बोटाला नवं काळं फडकं गुंडाळलं आणि निळ्या साक्षीदारावर टेकवून घासलं.

फडक्यावर पांढरा पट्टा उमटला, जाड, जसा त्या निळ्याचा यायला हवा तसा. ओहायोचा नवा रंगही मंदावला होता, त्याच्यावरून पुसट रेघ आली. जुन्याहून बरा निघाला होता, पण आरसा नव्हता. तिनं दिसलं ते लिहिलं आणि सही केली. फडकं मात्र नेहमीच्या डब्यात टाकलं नाही. घडी करून, पांढरं आत ठेवून, ते पर्समध्ये घातलं.

घरी एवेलियो ओट्याशी उभा होता. तिनं फडकं टेबलावर उलगडलं. त्यानं गॅस बारीक केला, चष्मा लावला आणि वाकून बघितलं.

"आलं म्हणायचं," तो म्हणाला.

"आलं."

त्यानं त्या पट्ट्यावरून हळूच आपलं बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. दिव्याखाली धरून तो बोटाकडे बघत राहिला.

"म्हणजे एवढं ऊन ते एकटं अडवत होतं," तो म्हणाला.

"हो," ओब्दुलिया म्हणाली. "चांगलं झाड होतं."